नदीतला सॅमन: रॉडच्या आधी नदीचं वेळापत्रक

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून सिएटलजवळ बॉथेलला आलात. लहानपणी आजोळी गुहागरच्या खाडीत गरवलेलं आहे, त्यामुळे गळ आणि दोरी हातात नवी नाही. सप्टेंबरात तीन शनिवार मोनरोजवळ स्कायकोमिश नदीवर काढलेत. दहाच्या सुमाराला पोचून दुपारपर्यंत स्पिनर (पातं फिरणारं धातूचं आमिष) फेकलात, मासे उड्या मारताना दिसले, पण एकानेही तोंड लावलं नाही. आता विचारताय की अडीचशे डॉलरचा रॉड घेतला तर फरक पडेल का, कोणत्या रंगाचा स्पिनर चालतो, आणि दहा वर्षांच्या मुलाला सोबत न्यावं का.

रॉडने काही फरक पडणार नाही. रंगाने थोडा पडेल, पण ती शेवटची गोष्ट. तुमची खरी अडचण अशी आहे की खाडीतली सवय तुम्ही इथे आणलीत. खाडीत भरती-ओहोटी सांभाळली की मासा बहुतेक दिवस असतोच, कारण तो तिथेच राहतो, तिथेच खातो. सॅमन मात्र नदीचा रहिवासी नाही, वारकरी आहे. समुद्रातून येतो, ठरावीक आठवड्यांत ठरावीक वाटेने वर जातो, अंडी घालतो आणि मरतो. वाटेत तो मुक्काम करतो, पण जेवत नाही. त्यामुळे खर्च करायचाच असेल तर आधी वेळ खर्च करा: कोणता मासा, कोणत्या महिन्यात, नदीची पातळी काय असताना आणि दिवसाच्या कोणत्या तासाला. एवढं जुळलं तर साध्या रॉडवरही मासा येतो.

मासा कोणता, इथून सुरुवात. प्रशांत महासागराच्या या किनाऱ्याला पाच जाती येतात: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. शिकण्यासाठी सगळ्यांत सोपा पिंक. त्याचं आयुष्य नेमकं दोन वर्षांचं, आणि प्यूजेट साउंडच्या, म्हणजे सिएटलजवळच्या समुद्राच्या खाडीला मिळणाऱ्या, नद्यांत तो विषम वर्षीच मोठ्या संख्येने येतो: 2023, 2025, 2027 असा. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत थवेच्या थवे काठाला लागून वर जातात. तीन ते पाच पौंडांचा मासा, गुलाबी जिगवर (शिशाचं डोकं असलेल्या, शेपटी लावलेल्या गळावर) सहज येतो. ज्या वर्षी पिंक आहे त्या वर्षी सुरुवात केली तर पहिल्या महिन्यातच हाताला अंदाज येतो.

सम वर्ष असेल तर कोहोवर या. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, सहा ते बारा पौंडांचा, आणि मूडी. तुम्ही उड्या मारताना पाहिलेत ते बहुधा हेच. चम उशिरा येतो, मुख्यतः नोव्हेंबरात. अंगात प्रचंड ताकद, पण अलीकडे बऱ्याच नद्यांमध्ये तो धरायला बंदी असते, म्हणून त्याच्या भरवशावर बेत आखू नका. चिनूकचा विचार पहिल्या वर्षी सोडून द्या. प्यूजेट साउंडमधला चिनूक 1999 पासून संघीय कायद्याखाली संकटग्रस्त यादीत आहे आणि नदीत तो धरायची मुभा फार थोड्या ठिकाणी, फार थोडे दिवस असते.

आता तुमचे ते तीन शनिवार. सप्टेंबरात पावसाळी हंगाम सुरू व्हायच्या आधी स्कायकोमिश अगदी खाली गेलेली असते, पाणी काचेसारखं स्वच्छ आणि कोमट. अशा पाण्यात कोहो डोहात येऊन थांबतो, कंटाळून उड्या मारतो आणि दिवसा काहीही घेत नाही. मग पहिला चांगला पाऊस पडतो, पातळी चढते, पाणी मातकट होतं आणि सगळा थांबलेला मासा हलतो. पाणी चढत असताना फेकत बसण्यात अर्थ नाही. फांद्या आणि पालापाचोळा गळाला येतो. पाऊस थांबून पातळी उतरायला लागली आणि मातकट रंग जाऊन पाण्याला हिरवट झाक आली, गुडघाभर पाण्यात आपले बूट अंधुक दिसायला लागले, की त्या दिवशी ऑफिसात थाप मारायला हरकत नाही.

हे घरबसल्या कळतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची मापनकेंद्रं नद्यांवर आहेत. स्कायकोमिशसाठी गोल्ड बारचं केंद्र पाहायचं. दर सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं ते तिथे आलेखावर दिसतं. कोरड्या सप्टेंबरात तो आकडा हजाराच्या खाली असतो, मोठ्या पुरात पन्नास हजारांच्या पुढे जातो. योग्य आकडा कोणता, हे मी सांगून उपयोग नाही, कारण तो नदीगणिक आणि तुमच्या जागेगणिक बदलतो. प्रत्येक वेळी जाण्याआधी आकडा बघा, परत आल्यावर त्याच्यापुढे पाणी कसं दिसत होतं ते वहीत लिहा. दोन हंगामांत तुमचा स्वतःचा तक्ता तयार होईल, आणि तो कुठल्याही दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा खरा असेल.

दिवसाची वेळ हा तुमच्या बेतातला सगळ्यांत स्वस्तात सुधारणारा भाग. दहा वाजता पोचणं म्हणजे जवळपास संपल्यावर पोचणं. जेवत नसताना सॅमन गळाला तोंड का लावतो, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात: कोणी चीड म्हणतं, कोणी जुनी सवय, कोणी जागेवरचा हक्क. कारण काहीही असो, अनुभव असा की नुकताच समुद्रातून आलेला, रात्रभर कोणी न छेडलेला मासा पहिल्या उजेडात सर्वांत जास्त चिडतो. त्याच डोहात दोन तास लोकांनी स्पिनर ओढले आणि वरून एक-दोन बोटी गेल्या की तो मिटून जातो. म्हणून कायद्याने ज्या मिनिटाला परवानगी सुरू होते, त्या मिनिटाला पाण्याच्या कडेला उभे राहा. बऱ्याच नद्यांवर रात्री गळ टाकायला बंदी असते. वेळ नियमात बघून घ्या. ढगाळ, झिमझिम पावसाचा दिवस असेल तर ही सकाळ दुपारपर्यंत लांबते.

जागा कशी निवडायची, यावर जरा थांबतो, कारण नवखे इथेच फसतात. नकाशा उघडा. वॉलेस नदीवर राज्याची हॅचरी, म्हणजे माशांची पिल्लं वाढवून सोडणारं केंद्र, आहे आणि ती नदी सल्टन गावाजवळ स्कायकोमिशला मिळते. म्हणजे हॅचरीचा कोहो मोनरो ते सल्टन या पट्ट्यातून जाणारच. हाच विचार कुठल्याही नदीला लावता येतो: हॅचरी कुठे आहे, मासा कुठून कुठे जातोय, आणि मधे तो दम कुठे खातो.

दम खाण्याची जागा ओळखायला वेगाकडे बघा. खळाळून वाहणाऱ्या उथळ पाण्यात मासा थांबत नाही, पार करतो. खळाळ संपून पाणी जिथे खोल होतं, तिथे चालत्या माणसाच्या वेगाने वाहणारा, चार ते दहा फूट खोलीचा पट्टा शोधा. वेगाची धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतात तिथे पाण्यावर एक रेघ दिसते. त्या रेघेच्या संथ बाजूला पिंक आणि चम असतात. कोहोला त्याहूनही मंद पाणी आवडतं: वळणाच्या आतल्या बाजूचा जवळजवळ थांबलेला डोह, पडलेल्या झाडाखालची सावली, मुख्य प्रवाहापासून बाजूला गेलेली खाडीसारखी जागा. तुमचा गुहागरचा डोळा इथे उपयोगी पडेल. डोहाचं शेपूट, म्हणजे पाणी पुन्हा उथळ व्हायच्या आधीचा भाग, पहाटे सोडू नका. रात्री खळाळ चढून आलेला मासा तिथेच टेकतो.

आणि लगेच पाण्यात उतरू नका. पहिल्या उजेडात मासा काठापासून दहा-पंधरा फुटांवर असतो. मी कितीतरी लोकांना मासे जिथे हवेत नेमकं तिथे कमरेपर्यंत उभं राहून पलीकडच्या काठाकडे फेकताना पाहतो. आधी जवळचं पाणी, मग मधलं, मग लांबचं. ध्रुवीकृत काचेचा चष्मा घेतलात तर वाळूवरच्या सावल्या दिसतील; अडीचशे डॉलर खर्चायला हात शिवशिवत असतील तर त्यातले पन्नास आधी इथे घाला.

सामान पटकन सांगतो. साडेआठ ते साडेनऊ फुटांचा, 8 ते 17 पौंड दोरीसाठीचा स्पिनिंग रॉड आणि 3000 आकाराचं रील. दोन्ही मिळून शंभर-दीडशे डॉलरमध्ये पुरेसं चांगलं येतं. रीलवर 30 पौंडांची ब्रेड (विणलेली) दोरी, पुढे तीन-चार फूट 12 ते 15 पौंडांचा साधा नायलॉन लीडर, म्हणजे गळाकडचा दोरीचा शेवटचा तुकडा. एवढ्यावर पिंक, कोहो, चम तिन्ही होतात. गळ बिनकाट्याचे, म्हणजे टोकाजवळ उलटा दात नसलेले, घ्या; बहुतेक ठिकाणी सॅमनसाठी तेच बंधनकारक असतात, आणि मासा सोडतानाही सोपं जातं.

आमिषात स्पिनर वाईट नाही. चार-पाच नंबरचा व्हायब्रॅक्स नावाचा स्पिनर पहाटे, जरा रंगीत पाण्यात छान चालतो, फक्त तो फार हळू ओढायचा, पातं फिरेल इतकाच. पण स्वच्छ, मंद पाण्यातल्या रुसलेल्या कोहोसाठी मी नवीन माणसाच्या हातात पहिल्यांदा ट्विचिंग जिग देतो. साधारण अर्धा इंच रुंदीचा शिशाचा गोळा, त्यावर सशाच्या कातड्याची किंवा पिसांची शेपटी, वजन तीन अष्टमांश औंस. काळा, जांभळा, गुलाबी हे तीन रंग पुरेत. पाणी स्वच्छ तर गडद, पाणी गढूळ तर भडक. फेकायचा, बुडू द्यायचा, मग रॉडचं टोक झटक्याने फूटभर वर, खाली, पुन्हा वर, आणि त्याबरोबर रीलचा अर्धा वेढा. प्रत्येक झटक्यानंतर जिग खाली पडू द्यायचा, पण दोरी अगदी सैल सोडायची नाही. कोहो घेतो तो जिग पडतानाच. कळतं कसं? झटका मारायला जावं तर दोरी जड लागते, किंवा जिग पडायचा तिथे पडतच नाही. त्या क्षणी ओढा. खाडीत जी टोचणी बोटाला कळते तशी टोचणी इथे येईलच असं नाही, म्हणून शंका आली तरी ओढायचं.

पिंक आणि चमसाठी मुलाला फ्लोट (पाण्यावर तरंगणारं बूच) लावून द्या. फ्लोटखाली गुलाबी जिग, त्याला कोळंबीचा नखाएवढा तुकडा, आणि खोली अशी की जिग तळापासून फूट-दीड फूट वर राहील. फ्लोट पाण्याच्या वेगाने वाहत गेला पाहिजे. दोरी पाण्यावर पसरून त्याला पुढे खेचायला लागली तर रॉड उचलून ती मागे टाकायची. फ्लोट बुडाला की ओढ. दहा वर्षांच्या मुलाला हे अर्ध्या तासात जमतं, आणि बापापेक्षा तोच जास्त लक्ष देतो.

सॅमनची गाबोळी हेही उत्तम आमिष आहे, पण ती मिठात-बोरॅक्समध्ये मुरवायची, योग्य प्रमाणात सुकवायची, गळाला बांधायची, हा वेगळा उद्योग आहे. काही ठिकाणी आमिषावर बंदीही असते. पहिल्या वर्षी त्यात पडू नका.

इथपर्यंतचा हिशेब असा: वर्ष बघून मासा, आलेख बघून दिवस, उजाडायच्या आत हजर, जवळच्या मंद पाण्यापासून सुरुवात. रॉड सध्याचाच.

आता नियम, आणि इथे मी कडक बोलतो, कारण आपल्याकडचे बरेच लोक "सगळे धरतायत म्हणून मीही" या हिशेबाने दंड भरतात. वॉशिंग्टन राज्यात मासेमारी परवान्याचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असतं. परवान्याबरोबर सॅमनसाठी कॅच रेकॉर्ड कार्ड, म्हणजे ठेवलेल्या माशांची नोंद करायचं कार्ड, लागतं आणि मासा ठेवायचा ठरला की नोंद तिथल्या तिथे करायची, घरी जाऊन नाही. 15 वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, पण सॅमन धरायचा तर कार्ड त्यांनाही लागतं. मुलाचं वेगळं काढा. हंगाम दर वर्षी वसंतात राज्य आणि आदिवासी राष्ट्रं मिळून ठरवतात, आणि हंगाम सुरू असतानाही आणीबाणीचा नियम काढून एखादा पट्टा अचानक बंद करतात. म्हणून गेल्या वर्षी खुलं होतं याला काही किंमत नाही. राज्याच्या मत्स्य विभागाचं फिश वॉशिंग्टन नावाचं ॲप आहे. निघण्याच्या आदल्या रात्री आपल्या नदीचा, आपल्या दोन पुलांमधला भाग त्यात बघायचा. तुमचे तीन शनिवार तिथे खुले होते का, तेही एकदा मागे जाऊन तपासा.

अनेक नद्यांवर फक्त हॅचरीचा कोहो ठेवता येतो. पाठीवर शेपटीच्या अलीकडे जो छोटा मांसल पर असतो तो हॅचरीत पिल्लू असतानाच कापलेला असतो. तिथे भरलेला व्रण असेल तर हॅचरीचा, पर असेल तर जंगली. जंगली मासा सोडायचा असेल तर तो पूर्ण पाण्याबाहेर काढणंसुद्धा बेकायदा आहे, फोटोसाठीही. जात ओळखायला तोंड आणि शेपूट बघा: चिनूकच्या हिरड्या काळ्या आणि शेपटीच्या दोन्ही भागांवर ठिपके, कोहोच्या हिरड्या पांढुरक्या आणि ठिपके शेपटीच्या वरच्या भागावरच, पिंकच्या शेपटीवर मोठे लांबट डाग, चमला ठिपके नाहीत, पण नदीत आल्यावर अंगावर जांभळट उभे पट्टे. हे वाचून लक्षात राहत नाही. ऑक्टोबरात मुलाला घेऊन इसाक्वाच्या हॅचरीत जा, 1936 पासूनची आहे. तिथे चिनूक आणि कोहो शेजारी शेजारी बघायला मिळतात. सिएटलमधल्या बॅलर्डच्या लॉक्समध्येही (बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजे) माशांच्या शिडीला काचेच्या खिडक्या आहेत.

तोंडाऐवजी शरीराला गळ अडकलेला मासा सोडावाच लागतो. गर्दीच्या जागी काही लोक मुद्दाम लांब लीडर लावून मासे ओरबाडतात; तुम्हाला ते तंत्र शिकवायला येतील, शिकू नका.

नदीत कधीकधी आदिवासी मासेमारांची जाळी दिसतील, आणि काठावर त्यांच्याविषयी कुरकुर ऐकू येईल. त्यात सूर मिसळण्याआधी एवढं माहीत असू द्या: 1850 च्या दशकातल्या करारांत या जमातींनी जमीन दिली आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. 1974 साली न्यायाधीश बोल्ट यांनी त्या हक्काचा अर्थ धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा असा लावला. त्याआधी निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांच्यासारखे लोक याच नद्यांवर जाळं टाकल्याबद्दल तुरुंगात जात होते. आज ज्या हॅचरींचा मासा तुम्ही-आम्ही धरतो त्यांतल्या बऱ्याच या जमातीच चालवतात. जाळी लागलेल्या दिवशी दुसरा पट्टा बघा, बस.

काठावरची रीत सोपी आहे. कोणी आधीपासून उभा असेल तर त्याच्या खालच्या बाजूला, मोकळ्या जागेत, विचारून उभं राहायचं. शेजाऱ्याच्या लयीत फेकायचं, नाहीतर दोऱ्या गुंततात. कोणी "फिश ऑन" (मासा लागला) ओरडला की आपली दोरी लगेच गुंडाळायची. पिंकच्या वर्षी प्युआलपसारख्या नदीवर खांद्याला खांदा लावून माणसं असतात, आणि रेनियर पर्वताच्या हिमनद्यांच्या गाळाने पाणीही दुधट असतं. मुलाला तिथे पहिल्यांदा नेऊ नका.

मुलाविषयी आणखी एक. ऑक्टोबरनंतरचं पाणी इतकं थंड असतं की पडलेला माणूस काही मिनिटांत हात हलवेनासा होतो. मुलाला लाइफ जॅकेट, आणि त्याने काठावरूनच. तुम्ही वेडर्स (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार) घातलेत तर कमरेचा पट्टा घट्ट हवाच; पडलात तर आत पाणी भरायला वेळ लागतो. वाहतं पाणी गुडघ्यावर गेलं की एकट्याने पलीकडे जायचा विचार सोडायचा. आणि उथळ वाळू-खड्यांत कुठे साफ, फिकट रंगाची खळगी दिसली तर त्यावर पाय देऊ नका, तिथे अंडी आहेत.

मासा मिळाला तर डोक्यावर एक घाव, लगेच कल्ले कापून नदीतच रक्त जाऊ द्यायचं, मग बर्फात. पिंकचं मांस तासाभरात मऊ पडतं, त्याला बर्फ नसेल तर धरूच नका. चकचकीत चांदीसारखा मासा ठेवा. काळा-लाल पडलेल्या माशाने चरबी प्रवासात जाळलेली असते, त्याचं कालवण पाणचट होतं. कोहोचं मालवणी कालवण छान लागतं, फक्त मासा शेवटी टाका, उकळी आली की आमसूल घालून बंद करा, डावाने ढवळू नका. तो सुरमईसारखा टिकत नाही, सुटतो. कातडीसकट तुकडे रव्यात घोळून तळले तर कोणालाही आवडतात. कच्चा खायचा असेल तर उणे 20 अंश सेल्सिअसला सात दिवस गोठवल्याशिवाय नाही, त्यात जंत असतात. घरी किंवा शेजारी कुत्रा असेल तर कच्च्या माशाची डोकी-आतडी त्याच्या तोंडी लागू देऊ नका. इथल्या नद्यांतल्या सॅमनमध्ये एक पर्णकृमी असतो, त्यातून कुत्र्यांना होणारा आजार उपचार न मिळाल्यास जीवघेणा ठरतो. कुत्र्याने खाल्लंच तर ताप-उलट्यांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या आणि काय खाल्लं ते आधी सांगा.